गोळीने न गेलेला संशय

या अंकासाठी माझ्या कामाबद्दल लिहावं असं पत्र आलं, तेव्हा आईने ते दोनदा वाचलं आणि एकच विचारलं, "नाव छापणार आहेत का?"

"छापणारच. लेख आहे."

"मग दवाखान्यात काम करते एवढंच लिही. कसल्या दवाखान्यात, ते कशाला?"

आईला मी दोष देत नाही. गेल्या सहा वर्षांत मला बघायला आलेल्या मंडळींना तिने माझी नोकरी नाना तऱ्हांनी सांगितली आहे. कधी मी 'ट्रस्टच्या ऑफिसात' असते, कधी 'डॉक्टरांच्या हाताखाली' असते. एका स्थळाला तर मी लहान मुलांचं बघते असंही सांगून झालं. त्यांना खरं काय ते कुठून तरी कळलं आणि निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण रोज तसल्या लोकांत बसायचं म्हणजे उद्या तिच्यातही काही उतरलं तर? गोवर उतरावा तसं वेड उतरतं, अशी त्यांची समजूत असावी. मुलाचं औषधांचं दुकान होतं.

तर लिहितेच. मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात, मनाच्या आजारांच्या विभागात समाजसेविका आहे. वडील रेल्वेत, शाळा इंग्रजी. अजूनही मनातल्या मनात मोजायचं झालं तर मी इंग्रजीत मोजते. चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे घशाला कोरड पडते. हे काम निवडण्याचं खरं कारण सांगायला थोडी लाज वाटते: मुंबईला शिकत असताना माझी समजूत झाली होती की यात बोलावं कमी लागतं आणि लिहावं जास्त.

बाहेरच्यांना आमचं काम सांगायचं तर असं. मनाचे डॉक्टर पुण्याहून एक आड एक शनिवारी सकाळच्या गाडीने येतात आणि संध्याकाळच्या गाडीने जातात. नाडी बघून किंवा छातीला नळी लावून त्यांना फारसं काही कळत नाही. त्यांना कळतं ते माणसाच्या हकिकतीवरून, आणि ती हकिकत त्यांच्या आधी मी लिहून घेते. झोप किती, जेवण किती, हे कधीपासून, घरात कोण कोण. पेशंट गप्प असेल किंवा भलतंच बोलत असेल, तर त्याला घेऊन आलेल्या माणसाला विचारायचं. कागद इंग्रजीत. डॉक्टर तो वाचतात, पेशंटशी बोलतात, औषध लिहून देतात. मग घरच्यांना सूचना द्यायचं काम पुन्हा माझं: गोळ्या कुणाच्या हातून द्यायच्या, विहिरीवर एकटं सोडायचं नाही, विळा-कोयता हाताशी ठेवायचा नाही.

सुरुवातीचे तीन महिने कुणी आलंच नाही. दारावर 'मनोविकार विभाग' अशी ठळक पाटी होती. लोक ती लांबून वाचायचे आणि जवळ आल्यावर पावलं उचलून भराभर पुढे जायचे. डॉक्टर पुण्याहून येऊन माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून परत जायचे. शेवटी आमच्या आयाने, राजव्वाने, तोंड उघडलं. राजव्वा तेलुगू विणकराच्या घरातली. नवरा गेल्यावर विड्या वळून तिने दोन मुली वाढवल्या होत्या, आणि तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी अशा चारही भाषांत ती सारख्याच ताकदीने भांडायची.

"बाई, ह्या पाटीखाली बसायला कुनाला येड लागलंय का?" ती म्हणाली.

त्यावरून मला युक्ती सुचली. त्याच शनिवारी त्याच व्हरांड्यात डोळ्यांचे डॉक्टर बसायचे आणि त्यांच्यापुढे ही मोठी रांग असायची. मी पाटी उतरवून घेतली. आमच्या पेशंटांनी डोळ्यांच्या रांगेत बसायचं. राजव्वा रांगेतून फिरता फिरता हळूच ज्याला त्याला आमच्या खोलीत आणणार. घरी, गल्लीत, सासरी एकच सांगायचं: डोळे दाखवायला गेले होते.

सहा महिन्यांत आमची खोली भरली. अडचणी आल्या, नाही असं नाही. विणकर वसाहतीतली एक बाई चौथ्या खेपेला रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, सासू इचारती, इतक्या येळा डोळे दाखवले तर चष्मा कुटं हाय?" मी एका चष्मेवाल्याकडून साध्या काचेचे चार चष्मे आणून ठेवले. ती एक लावून गेली. पुढच्या खेपेला पुन्हा दारात. "आता काय झालं?" तर म्हणाली, "सासू म्हन्ती, तुला लई मानवला, मलाबी तसलाच आन."

एक आडतवाले अप्पा यायचे. कपाळाला भस्म, पांढरंशुभ्र धोतर. दुकानातल्या एका नोकराला झोप येत नाही, छातीत धडधडतं, उगीच रडू येतं, असं ते सांगायचे. डॉक्टर म्हणाले, नोकराला घेऊन या. अप्पा म्हणाले, "ते दुकान सोडून येनार न्हाई बगा. लई जबाबदारी हाय त्याच्यावर."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "मग असं करा. त्याच्या जागी तुम्ही बसा. तुम्हाला तपासतो, गोळ्या त्याला द्या."

"चालतंय की," अप्पा म्हणाले आणि लगेच सदऱ्याची बाही वर सरकवून बसले. चार महिन्यांनी पेढ्यांचा पुडा आला. नोकराला आता छान झोप लागत होती.

ही डोळ्यांच्या रांगेची युक्ती माझी होती, आणि मला तिचा फार अभिमान होता. पुष्कळसा अजूनही आहे. पण कमलची गोष्ट सांगितल्याशिवाय तो अभिमान मिरवणं बरं नव्हे.

कमल जेऊरच्या बाजूच्या एका खेड्यात दिलेली, माहेर केमचं. वय एकवीस-बावीस. नवरा दत्तू सोलापूरच्या एका गिरणीत कामाला होता आणि सुट्टीला पॅसेंजरने गावी जायचा. घरात सासू आणि थोरला दीर निवृत्ती. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. पहिल्या बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत कमलची झोप उडाली. तिला कुणीतरी हाका मारल्यासारखं ऐकू येऊ लागलं. लेकीला पाजायचं विसरू लागली. देवऋषी झाले, मिरच्यांच्या धुऱ्या देऊन झाल्या, आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून निवृत्ती तिला आमच्याकडे घेऊन आला. लेक कमलच्या मांडीवर होती. कमल स्वतः समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिचे ओठ न बोलता हलत होते.

हा आजार मी पुस्तकात वाचला होता. बाळंतपणानंतर काही बायकांना होतो आणि औषधाने बहुतेक बरा होतो. पुस्तकात असंही होतं की अशा पेशंटला घरच्याच माणसांचा संशय येतो.

निवृत्तीने हकिकत दिली. इतकी नेमकी हकिकत मला तोवर कुणी दिली नव्हती. कधी सुरू झालं, काय खाल्लं, किती वेळा उठली, सगळं ओळीने. बोलणं मवाळ. माझ्याशी बोलताना नजर खाली. मला लिहायला सोपं जात होतं, आणि जो माणूस लिहिणं सोपं करतो तो मला आवडतो.

"आजून एक हाय, बाई," तो शेवटी म्हणाला. "दुपारची दार लावून घेती. आतनं कडी. आमाला घरात घेत न्हाय. म्हन्ती, थोरले भावजी माज्यावर टपून हायेत. आता काय बोलावं. भनीसारकी हाय ती मला."

मी इंग्रजीत लिहिलं: दिरावर अकारण संशय. मग डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, आणि मी नेहमीच्या सूचना द्यायला बसले. आतून कडी लावून घेणारा पेशंट म्हणजे धोका. आत काही बरंवाईट करून घेतलं तर बाहेरच्यांना दार फोडावं लागतं. तेव्हा शिकवल्याप्रमाणे मी निवृत्तीला सांगितलं, "दाराची आतली कडी काढून टाका."

त्या वेळी कमलने पहिल्यांदा भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. औषधाच्या आधी पेशंट असे बघतात, असं म्हणून मी पुढचा कागद घेतला.

आमची आणखी एक पद्धत होती. पेशंटबरोबर त्याच्या गावच्या डॉक्टरांसाठी इंग्रजीत एक चिठ्ठी द्यायची, म्हणजे मध्येच काही झालं तर त्यांना कळावं. तीत आजार, औषध आणि मुख्य लक्षणं लिहायची. कमलच्या चिठ्ठीत मी संशयाची ओळ लिहिली आणि खाली सही केली.

औषध लागू पडलं. महिन्याभरात झोप आली. दोन महिन्यांत हाका थांबल्या. कमल लेकीला पाजू लागली, भाकरी करू लागली, आमच्याकडे आली की राजव्वाला हसून 'बरं हाय का मावशी' म्हणू लागली. संशय मात्र जाईना. दर खेपेला निवृत्तीच तिला आणायचा आणि दर खेपेला नवीन काही सांगायचा. आता ती दुपारची घरात थांबतच नाही, म्हणाला. पोरीला घेऊन शेजारच्या धनगराच्या वाड्यात जाते आणि मेंढरांत बसते. उन्हं कलेपर्यंत उठत नाही.

"मेंढरांत?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय जी. लेंड्यांत बसती. कोन शाना मानूस बसंल?"

तो कमलला घेऊन बाहेर गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "हाका गेल्या, झोप आली, हाताला काम आलं. मग एवढी एकच गोष्ट का राहते? डोस वाढवून बघावा लागेल."

राजव्वा फरशी पुसत होती. तिने मान वर केली नाही. "खरं असलं तर गोळीनं कसं जाईल, बाई?"

राजव्वाने फडकं पिळलं. "मेंढ्याच्या वाड्यात धनगराची म्हातारी असती ना दिवसभर? मग तितं कडी लागत न्हाई."

मला त्या दिवशी काय वाटलं ते नीट लिहिता यायचं नाही. एवढंच लिहिते. कॉलेजला बसने जाताना दोन वर्षं मी पिशवीच्या तोंडाशी एक मोठी सेफ्टी पिन उघडी ठेवत होते. कशासाठी, ते बायकांना सांगायला नको आणि पुरुषांना सांगून समजेल असं नाही. त्या पिनेबद्दल कुणी मला संशयी म्हटलं नाही. मैत्रिणी शहाणी म्हणाल्या.

डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. ते मला म्हणाले, "तिला एकटीला विचारा. मला सांगणार नाही." निवृत्तीला औषधाच्या खिडकीपाशी बोलावलं गेलं, आणि तिथे राजव्वाने आधी नाव चुकलं म्हणून आणि मग कागद सापडत नाही म्हणून त्याला अर्धा तास अडकवून ठेवलं. मी दार लोटलं आणि कमलसमोर बसले. काय विचारायचं ते मी पाठ केलं होतं. ते सगळं विसरले आणि म्हणाले, "मेंढरांत का बसतेस?"

ती लेकीच्या टोपड्याची नाडी बांधत, सोडत राहिली. "कडी हुती तवर बरं हुतं, बाई."

मी हातातला कागद पालथा ठेवला.

"तुमीच सांगितली की काढायला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोताच्या हातानं खिळं उपटलं."

"काही... त्यांनी काही केलं का?"

"एकदा हात धरला. मी वरडले. आत्याबाई, माजी सासू, परड्यात हुत्या, म्हनाल्या, झालं सुरू हिचं." मग ती पहिल्यांदाच थोडी मोठ्याने बोलली. "आधी वरडले असते तर चार मानसं धावली असती. आता मी येडी हाय. येडीच्या वरडन्याला कोन धावतंय?"

तिच्या नवऱ्याला पत्र लिहावं तर ते कुणीतरी वाचून दाखवणार. म्हणून गिरणीच्या दाराशी मी स्वतः गेले. पाळी सुटायच्या वेळी गिरणीच्या दाराशी एकटी मुलगी उभी राहिली की काय काय ऐकायला मिळतं ते मी ऐकलं. पिशवी छातीशी धरून उभी राहिले. भोंगा झाला, शेकडो माणसं बाहेर आली आणि मला दत्तूचा चेहरासुद्धा माहीत नव्हता. एका म्हाताऱ्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, विचारलं. त्याने हाक मारून त्याला आणलं. केसांत कापसाचे तंतू, हातात रिकामा डबा. मी तीन-चार वाक्यांत सांगितलं.

"दादा म्हनला, तिच्या आजारातच असतं तसं," तो म्हणाला. "सायबानं लिवून दिलंय म्हनला."

"साहेबाने नाही. मी लिहिलंय." मी म्हणाले. "शनिवारी या."

तो येतो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

त्या शनिवारी निवृत्ती तयारीनेच आला होता. बरोबर कमल आणि लेक होती, केमहून बोलावून घेतलेले कमलचे वडील होते, आणि गावातले एक वजनदार पंच होते. त्याला डॉक्टरांकडून दाखला हवा होता, कमल वेडी आहे असा. असा कागद मिळाला की नवऱ्याला दुसरी बायको करायला वाट मोकळी होते, असं खेड्यापाड्यांत सर्रास समजलं जायचं. लेक आम्ही ठेवून घेऊ, आणि हिला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवू किंवा बापाने न्यावी, असं ठरवूनच ते आले होते. कमल व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभी होती. लेक तिने इतकी घट्ट धरली होती की ती कुरकुरत होती.

डॉक्टर म्हणाले, दाखला देणार नाही. बाई जवळजवळ बरी आहे. निवृत्तीने सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. ती माझी चिठ्ठी होती.

"बरी हाय तर ह्ये काय? गावच्या मास्तरानं वाचून दाखवलंय सगळ्यांम्होरं. दिराचा इनाकारन संशय घेती. हितं लिवलंय. खाली ह्या बाईंची सही हाय." तो पंचांकडे वळला. "मी माज्या तोंडानं काय सांगत न्हाय. कागुद सांगतोय."

पंचांनी मान हलवली. मग निवृत्तीने आवाज चढवला, साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा. "येडी हाय ती! हितं काय डोळं दाखवायला आनतो का आमी तिला? येड्याच्या डाक्टरकडं आनतो!"

कमलच्या वडिलांनी डोक्याचं मुंडासं काढून तोंडासमोर धरलं. केममध्ये ते सगळ्यांना डोळ्यांचंच सांगत आले होते.

रांगेत तीसेक माणसं असतील. त्यातली निम्मी आमची. निवृत्तीसारख्या माणसाला त्यांतल्या कुणीही दोन शब्द सुनावले असते तर चाललं असतं. साध्या काचेचा चष्मा नेणारी बाई तिथे होती. आडतवाले अप्पा होते. त्यांच्या एका शब्दावर पंच उठून उभे राहिले असते. एकानेही मान वर केली नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. इथे बसायचं ते गप्प बसायचं, कुणाला ओळख द्यायची नाही, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

मग मी बोलले. आवाज बारीक निघाला, आणि पहिलं वाक्य इंग्रजीत आलं. ते कुणालाच कळलं नाही. पुन्हा मराठीत म्हणाले, "ती चिठ्ठी मी लिहिली. ती चूक आहे."

"चूक कशी?" पंच म्हणाले. "शिकलेल्या बाई तुमी."

"मी तिला विचारलंच नव्हतं. ह्यांनी सांगितलं ते लिहिलं." मी निवृत्तीकडे बोट दाखवलं. एवढ्या माणसांसमोर मी कधी कुणाकडे बोट दाखवलं नव्हतं. "हेच सांगणारे, आणि संशय ह्यांचाच. आणि आतली कडी काढायला मीच सांगितली. तीही माझी चूक. ती आजारी होती, ते खरं आहे. आता बरी आहे, तेही खरं आहे. आणि ह्या माणसाबद्दल ती जे सांगते ते आजाराने सांगत नाही."

"बाईमानूस बाईमानसाची बाजू घेनारच," निवृत्ती म्हणाला. हसलाही.

"तू गप रे," राजव्वा म्हणाली. बादली तिने अशी खाली आदळली की पंचांच्या धोतरावर पाणी उडालं. "भनीसारकी हाय म्हंतो. भनीच्या दाराची कडी काढतंय का कोन? आईला झोपवायचं हुतं की तिच्याजवळ!"

पंच धोतर झटकता झटकता थांबले. "व्हय की रं निवृत्ती," ते हळू म्हणाले. "म्हातारीला का न्हाई निजवलं दुपारची हिच्यापाशी?"

निवृत्तीने चिठ्ठीची घडी घातली आणि ती परत खिशात ठेवली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दत्तू आला आहे. व्हरांड्याच्या पायरीवर, चपला काढून, तो कधीपासून उभा होता कोण जाणे. भावाकडे त्याने बघितलं नाही. कमलजवळ गेला आणि विचारलं, "खरं हाय का गं?"

"दोन डाव सांगितलं तुमाला," कमल म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकवेना. "तुमी म्हनला, गोळी घेतली का आज?"

दत्तूने तिच्या हातातून लेक घेतली. मग पंचांना म्हणाला, "तात्या, तुमी व्हा म्होरं. आमी ह्या गाडीनं येत न्हाय."

कमलचे वडील तिच्याजवळ आले. मुंडासं परत डोक्याला बांधता बांधता म्हणाले, "मला तरी सांगायचं हुतंस, पोरी."

"तुमी दर डाव डोळंच कसं हायेत म्हून इचारायचा, आबा," ती म्हणाली.

दत्तूने गिरणीजवळ एक खोली घेतली. सगळं गोड झालं असं नाही. भावाभावांचं बोलणं तुटलं, सासूने वर्षभर नातीचं तोंड पाहिलं नाही, आणि निवृत्ती गावात आजही ताठ मानेने फिरतो. त्याला काहीच झालं नाही. ते माझ्या मनात सलतं. पण कमल विड्या वळायला शिकली, राजव्वानेच शिकवलं, आणि औषध एक दिवस चुकवलं नाही.

आमच्या खोलीतही फरक पडला. तेव्हापासून माझ्या कागदाच्या मधोमध एक उभी रेघ असते. डावीकडे घेऊन आलेला माणूस काय सांगतो, नाव आणि नात्यासकट. उजवीकडे पेशंट काय सांगतो, आणि ते लिहिताना दुसरं कुणी खोलीत नसतं. बाई असेल तर शेवटी मी न चुकता विचारते, घरात तुला कुणाची भीती वाटते का? पेशंट अगदी भ्रमात असला तरी उजवी बाजू कोरी सोडायची नाही. सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, वेळ फार जातो. आता पुण्याच्या त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यातही ते अशीच रेघ मारतात, असं त्यांनीच मला सांगितलं. कडी काढा, असं मी आता कुणालाही सांगत नाही. घरात दुसरी बाई कोण, ती रात्रंदिवस जवळ राहील का, हे आधी विचारते, आणि त्या बाईशीही एकटीशी बोलते. डावी आणि उजवी बाजू जुळत नाहीत तेव्हा कुठली खरी ते मला नेहमीच कळतं असं नाही. पण जुळत नाहीत एवढं तरी दिसतं. या रेघेचा मला डोळ्यांच्या रांगेपेक्षा जास्त अभिमान आहे.

कमलचं औषध पूर्ण बंद झालं त्या दिवशी ती एकटीच आली. सगळं झाल्यावर उठली नाही. म्हणाली, "बाई, माजा कागुद वाचून दावा की. मराठीतनं."

आमच्याकडे हा कागद कुणी मागत नाही. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, तिचाच आहे, वाचा.

मी पहिल्या दिवसापासून वाचत गेले. झोप नाही. हाका ऐकू येतात. बाळाला पाजत नाही. ती मान हलवत होती, हो, असंच होतं, असं. मग ती ओळ आली. मी थांबले.

"वाचा की."

"दिरावर अकारण संशय," मी वाचलं. "घरच्यांना आतली कडी काढण्याची सूचना दिली."

"म्होरं?"

पुढे त्या शनिवारची माझी नोंद होती. तीही वाचली. वरील नोंद पेशंटला न विचारता केली होती. ती चुकीची आहे. पेशंटचं म्हणणं खरं आहे असं माझं मत आहे. कडी काढण्याची सूचना माझी होती. खाली सही.

"वरचं खोडायचं का?" मी विचारलं. "नियमाने खोडता येत नाही. पण तू म्हणत असशील तर डॉक्टरांना विचारते."

तिने कागदावर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, तरी ओळीखालून बोट नीट सरकवत नेलं. "म्हंजी मी येडीबी हुते आन खरंबी बोलत हुते."

"हो."

"दोनी हितं लिवलंय?"

"दोन्ही लिहिलंय."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "खोडू नगा कायबी."